शालूच्या सकाळच्या फायली

१६ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी शालूला खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली, चहा बशीत ओतून डाव्या हाताजवळ ठेवला. म्हटलं, चला, आज हिला ऐकवू. हार्डडिस्क कॉम्प्युटरला लावली. दिवा लागला. मग आतून टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. कुणी टाळूला जीभ लावून चक् चक् करावं तसं. स्क्रीनवरचं गोल फिरतच राहिलं. वीस-बावीस मिनिटं. शेवटी काढून ठेवली.

थेरपिस्ट ताई परवा म्हणाली होती, जुने आवाज असतील घरातले तर ऐकवा. ओळखीच्या बोलण्यातून कधी कधी वाट सापडते. दिवाळीच्या आठवड्यात अर्धांगवायू झाला तेव्हापासून शालूचा उजवा हात आणि बोलणं दोन्ही गेलं. समजतं सगळं. पण शब्द एकच उरला आहे: "तेच." भूक लागली तरी तेच, राग आला तरी तेच.

जुने आवाज म्हटल्यावर मला ही डिस्क आठवली. नऊ वर्षांच्या सकाळी आहेत तिच्यात. नाईटचा आठवडा असला की बुटीबोरीच्या सूतगिरणीतून कंपनीच्या बसने सव्वासातला घरी यायचो. पाठ टेकली की शालू चहा घेऊन शेजारी बसायची आणि रात्री पडलेलं स्वप्न सांगायची. माझे डोळे मिटत असायचे. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून उशाशी ठेवायचो. "तू सांग. मी नंतर ऐकतो." महिन्याच्या महिन्याला सगळं डिस्कमध्ये टाकायचो, तेवढं मात्र इमानदारीने.

ऐकलं एकही नाही. डिसेंबरात रिटायर झालो तेव्हाही नाही.

१७ फेब्रु.
मुंबईच्या एका लॅबला फोन केला. माणूस सभ्य होता. डिस्क उघडावी लागेल म्हणाला, धूळ नसलेल्या खोलीत. मग आकडा सांगितला. शालूच्या फिजिओथेरपीचं अख्खं वर्ष निघेल त्यात. "विचार करून सांगतो" म्हटलं.

मृणालचा पुण्याहून फोन. "बाबा, मी भरते ना." तिने आत्ताच घर घेतलं आहे. म्हटलं, अगं फार नाही, पाहतो इथेच कुणी. आकडा नाही सांगितला.

१९ फेब्रु., गुरुवार
इंटरनेटवर एकाने सांगितलं, अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवावी, मग थोडा वेळ चालते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मटारच्या शेजारी ठेवली. शालू खुर्चीतून पाहत होती. "तेच! तेच! तेच!" इतक्या जोरात की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. काढली बाहेर. दहा मिनिटं झाली असतील.

त्याच काकूंनी सांगितलं, दोन गल्ल्या सोडून निमजे मॅडम राहतात. मुलींच्या आयटीआयमध्ये कॉम्प्युटर दुरुस्ती शिकवायच्या, आता रिटायर. संध्याकाळी गेलो. बाई अंगणात पेरूच्या झाडाला आळं करत होत्या. हात धुतले, डिस्क कानाशी धरली, हलवून पाहिली नाही.

"फ्रीजात ठेवली होती?"
"दहा मिनिटं."
"नशीब तुमचं भाऊ. आत दव धरलं असतं म्हणजे संपलंच होतं. कोण सांगते तुम्हाले असं?"

मग समजावून सांगितलं. डिस्क आता थकली. उघडून पाहू, फाइल शोधू, असं करायचं नाही. एकच गोष्ट दहादा विचारली तर तेवढ्यानेच मरेल. आधी सगळ्याची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर. जिथे अडेल तिथे सोडून पुढे जायचं, सुटलेलं मग पाहायचं. सॉफ्टवेअर फुकटचं आहे. "पैसे नाही लागत गा याले. धीर लागते."

फी विचारली. म्हणाल्या, "शालूताई आमच्या भिशीत होती. तिनं किती हसवलं आम्हाले. जा, डिस्क तेवढी आणा नवी."

२२ फेब्रु., रविवार
माळ्यावरून मृणालचा कॉलेजातला कॉम्प्युटर काढला. डब्यात पाल मेलेली. नवी डिस्क आणली. यंदा कूलर नवा घ्यायचा होता, तो नाही. जुन्याचीच मोटर भरून घेऊ.

२ मार्च, सोमवार
सुरू केलं. नि. मॅडम स्वतः आल्या. डिस्क डब्यातून सोडवून सरळ आतल्या केबलला लावली, पितळी ताट उपडं करून त्यावर ठेवली, समोर टेबलफॅन. मी कूलर सरकवत होतो तर ओरडल्या, "ओली हवा काहून देऊन राहिले तिले?"

काळी स्क्रीन, पांढरे आकडे. किती वाचलं, किती चुकलं, किती राहिलं. बाकी काही नाही. शालू टीव्ही पाहावा तशी पाहत बसली. मीही. दुपारपर्यंत सात टक्के.

आकडे हलताना पाहिले की झापड येते. गिरणीत रिंगफ्रेमच्या, सूतकताईच्या, खात्यात उभं राहिल्यावर यायची तशी. हजारो चात्या फिरायच्या, आवाज इतका की शेवटी आवाजच उरायचा नाही, शांत पाण्यात उभं असल्यासारखं वाटायचं. आज टेबलाशी बसल्या बसल्या तसंच पाणी आलं पायाशी. शालूने हात लावला तेव्हा समजलं, भात लागला होता कुकरला.

४ मार्च, धुळवड
बाहेर पोरांचा गोंधळ. दार लावून घेतलं. एकोणीस टक्के. नि. मॅडम कपाळाला गुलाल लावून आल्या, शालूच्या गालाला बोट लावलं, डिस्कला हात लावला. "बंद करा. तापून राहिली."

बंद केल्यावर घर फार शांत झालं.

१२ मार्च
एकसष्टवर अडली. आज चार तासात एक आकडा हलला नाही, नुसतं टक् टक्. नि. मॅडम म्हणाल्या, आठ दिवस झोपू द्या. मी म्हटलं, आठ दिवसांनी उठली नाही तर? "नाही उठली तर नाही उठली. एकसष्ट तर आपल्या घरात आलं ना."

हिशोब बरोबर आहे. पण नेमकं कोणतं एकसष्ट?

२० मार्च, शुक्रवार
काल पाडवा. गुढी मीच उभारली. शालूने डाव्या हाताने गाठीची माळ बांधायला घेतली, बराच वेळ लागला, बांधली.

आज पहाटे सहाला डिस्क लावून पाहिली. सरसर चालली. आठच्या पुढे ऊन वाढलं की टक् टक्. बंद.

२४ मार्च
रोज सहा ते आठ. तीसुद्धा सकाळचीच बोलते. त्र्याऐंशी. इथून पुढे नाही सरकत. जे राहिलं ते एकाच जागी आहे म्हणे, तबकडीवर ओरखडा असेल.

२७ मार्च, शुक्रवार
नि. मॅडमनी आज नकलेतून फायली काढल्या. नावं, तारखा सगळं गेलं. नुसते नंबर. पाचशे एकेचाळीस आवाज. कुठला कोणत्या वर्षीचा, कळायला मार्ग नाही.

"लावू एक?" म्हणाल्या. शालू आत झोपली होती. आवाज बारीक केला.

"...तर अहो, संत्र्याच्या गाड्या जाऊन राहिल्या होत्या, लाइनशीर, रामटेकच्या रस्त्यानं. आणि संत्री झोपली होती सारी. कशावरून म्हणता? अहो, घोरत होती ना बारीक बारीक! मी गाडीवाल्याले म्हटलं, हळू हाक रे बाबा..."

इथे तुटलं. नि. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मी पाणी प्यायला उठलो. माठात पाणी नव्हतं, तरी ग्लास तोंडाला लावून उभा होतो.

हा आवाज. असाच होता. पाच महिन्यांत मी त्याचा सूर विसरत चाललो होतो आणि मला ते माहीतही नव्हतं.

२९ मार्च, रविवार
शालूला ऐकवलं. चूक झाली.

चहाच्या वेळी, तिच्या खुर्चीशी बसून, तोच संत्र्यांचा, मोबाइलवर घेऊन. पहिलं वाक्य ऐकलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, मग भिंतीकडे तोंड केलं. मी आपला उत्साहात, "शालू, तूच गं! ऐक ना." दुसरी लावली. तिने डाव्या हाताने बशी ढकलली. दुपारी जेवली नाही. रात्री दोन घास.

मृणालला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आपलं हरवलेलं कुणी असं समोर धरलं तर..."

३१ मार्च
थेरपिस्ट ताई म्हणाली, जबरदस्ती नको. तिला हवं तेव्हा मागेल.

मी एकटा ऐकतो आता. दुपारी शालू झोपली की गॅलरीत इअरफोन लावून. रोज दहा-बारा. निदान शब्द तरी पाळू. उशीर झाला, पण पाळू.

२ एप्रिल, गुरुवार
नंबर ४७. तिचे बाबा पारशिवनीकडच्या शेतात, धानाच्या बांधीत उभे आहेत आणि पाण्याला उजळणी शिकवताहेत. पाणी सतराशी अडतं. बाबा म्हणतात, राहू दे, उद्या शिकू, आणि पाणी उड्या मारत घरी जातं.

नंबर ५२. पूर्ण नाही. नुसतं "मग त्या बाईनं मले विचारलं, तुह्या घराचं दार कोणत्या रंगाचं, आणि मले आठवेचना..."

आपल्या दाराचा रंग हिरवा आहे. उठून पाहून आलो.

५ एप्रिल
नंबर ११८. माझ्या खिशातून धागा सुटला आहे, पांढरा, मिलचा. ती तो धरून घरून निघते. चौकातून, पुलावरून, वर्धा रोडने पायी पायी. प्रत्येक झाडाला एक वेढा. बुटीबोरीला पोचते तर मी मशीनशी उभ्या उभ्या झोपलेलो. सगळ्या मशिनी दबकत, पाय न वाजवता चालताहेत, मला जाग येऊ नये म्हणून. "मग मी बी नाही उठवलं. धागा तेवढा तुमच्या खिशात घातला आणि परत आली."

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी शेजारीच होतो. एका हाताच्या अंतरावर.

गॅलरीतून खाली पाहिलं. चाळीसच्या वरचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही. डांबर पाण्यासारखं हलत होतं. त्यावरून एक पांढरा धागा जाताना दिसला असता तर नवल वाटलं नसतं.

९ एप्रिल, गुरुवार
नंबर ३१२. जसंच्या तसं लिहून ठेवतो.

सुरुवातीला बशीचा आवाज. मग: "झोपले का? अहो. झोपले."

मग पंखा. मग कुणाचं तरी घोरणं. माझंच. स्वतःचं घोरणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. वाटलं आता ती रेकॉर्डिंग बंद करेल. नाही केलं. आवाज खाली आणून, अगदी मोबाइलशी तोंड नेऊन:

"मोबाइलभाऊ, तू तरी ऐकून राहिला ना? तुले खरं सांगते. आज काही स्वप्न-बिप्न नाही पडलं मले. किती दिवसाचं नाही पडलं. मी बनवूनच सांगून राहिली. हे थकून येतेत, दुसरं काय बोलू? गॅस संपला, नळ नाही आला, हे सांगितलं तर आणखीनच थकतीन. स्वप्न म्हटलं का निदान एक डोळा उघडा ठेवतेत. तेवढंच बोलणं होते आमचं दिवसभरात. सांगू नको बरं त्याइले. उद्याचं काय बनवू? पाहीन, भाजी निवडता निवडता."

मग खालून भाजीवाल्याची हाक, तिचं "आली, आली!", पावलं. पुढे सतरा मिनिटं नुसता पंखा आणि मी.

सतरा मिनिटं पूर्ण ऐकलं.

१० एप्रिल
काही ऐकलं नाही आज. कूलरवाला येऊन मोटर बसवून गेला. शालूचे केस धुतले. मान मागे टाकून डोळे मिटून बसली होती. विचारावंसं वाटलं, किती बनवली होती? पहिलं तरी खरं होतं का? पाठीवरून पाणी निथळत होतं, टॉवेल आणला.

रागावलो आहे का मी? शोधून पाहिलं. नाही. नऊ वर्षं नाईटच्या दर सकाळी कुणी आपल्यासाठी एक गोष्ट रचत होतं. आणि मी ती एका डब्यात भरून ठेवत होतो.

१२ एप्रिल, रविवार
न विचारता लावायचं नाही ठरवलं होतं. म्हणून विचारलं. "शालू, तुझी एक चोरी सापडली. ऐकते का?"

तिने बशी बाजूला सरकवली. मग मान हलवली. हो.

३१२ लावली. "झोपले का" ला चेहरा तसाच. घोरणं आलं तशी माझ्याकडे तिरकं पाहिलं. "मोबाइलभाऊ" ऐकलं आणि तिचा डावा हात झपकन मोबाइलवर पडला, तळव्याने आवाज दाबून धरला. कानाच्या पाळ्या लाल. सत्तावन्नची बाई, चोरून लाडू खाताना सापडल्यासारखी.

"इतकी वर्षं बनवलं मले?" मी म्हटलं.

"तेच," म्हणाली. आणि हसली. तोंडाच्या एकाच बाजूने, पण आवाजासकट. दिवाळीनंतर पहिल्यांदा. ठसका लागेपर्यंत. मीही हसलो, मग मला हसणं थांबवता येईना, मग ते हसणं राहिलं नाही. तिने हात माझ्या डोक्यावर ठेवला. हलवला नाही, नुसता ठेवला.

१३ एप्रिल
आज तिनेच मोबाइलकडे बोट केलं. संत्र्यांचा ऐकला, धाग्याचा ऐकला. आपलंच बोलणं ती दुसऱ्या गावच्या बाईचं ऐकावं तसं ऐकते. जिथे फाइल मध्येच तुटते तिथे माझ्याकडे पाहते, पुढचं मला माहीत असल्यासारखं. मला काय माहीत! एकदा मीच काहीतरी जोडून दिलं. गाडीवाला म्हणाला, बाई, हळूच हाकतो, पण चढ आला तर संत्री जागी होतील. शालूने नाक मुरडलं. जमलं नाही म्हणे.

१६ एप्रिल, गुरुवार
नि. मॅडम आल्या. म्हणाल्या, राहिलेल्या भागावर शेवटचं एकदा पाहू, उलट्या टोकाकडून वाचायला लावून. सहा वाजता लावली. दिवा लागला. आवाज नाही. टक्सुद्धा नाही. दुसरी केबल लावली, तरी नाही. नि. मॅडमनी डिस्क ताटावरून उचलून दोन्ही हातात धरली.

"आता आपल्या हातचं नाही भाऊ. मुंबईवालेच उघडतीन तर उघडतीन. काही गॅरंटी नाही."

शालू पाहत होती. मी विचारलं, पाठवायची का? तिने खांदा उडवला, एकच. त्याचा अर्थ हो की नाही, दिवसभर लावतो आहे.

नि. मॅडमना जाताना आंब्याचं ताजं लोणचं दिलं. माझ्या हातचं. मीठ जास्त झालं आहे, तसं सांगूनच दिलं.

१८ एप्रिल
मृणाल मेमध्ये येते आहे. तिला या खेपेला आकडा खरा सांगितला. म्हणाली, "अर्धे मी, अर्धे तुम्ही. पण आईला हवं असेल तरच." डिस्क कपाटात आहे, मऊ कापडात. राहिलेला सहावा हिस्सा. शे-सव्वाशे सकाळी असतील त्यात, किंवा मृणालच्या लग्नाचे फोटो, किंवा विजेची जुनी बिलं.

२१ एप्रिल, मंगळवार
सकाळी सव्वासहा. बाही ओढल्यासारखी वाटली म्हणून जागा झालो. शालू माझ्या आधी उठून बसली होती, आधार न घेता. डोळे टवटवीत. चहाची वेळ नव्हती, तरी म्हटलं चहा? मान नाही. पाणी? नाही.

डावा हात वर उचलला, पंख्याच्या दिशेने, आणि बोटं सोडत सोडत सावकाश खाली आणला.

"पाऊस?" नाही.
"चिमण्या?" नाही.
"पेरणी? धान पेरून राहिले?" थांबली. अर्धी मान. जवळपास, पण ते नाही.

मग चादरीवर एक मोठं गोल काढलं. त्याच्या आत बोट टेकवलं, मग ते बोट माझ्या छातीला लावलं.

"मी? मी आहे त्यात?" हो, हो.

आता कुठे समजलं की ती काय सांगते आहे. सरसावून बसलो. स्वप्न पडलेलं की बनवलेलं, ते विचारलं नाही. "मग? मी काय करत होतो?"

दोन बोटं चादरीवर उभी केली. चालवली. गोलाच्या मधून, सुरकुती ओलांडून, उशीला वळसा घालून, पलंगाच्या कडेपर्यंत. तिथे थांबवली.

"पडलो?" नाही. "बसलो?" नाही. "खाली कोणी होतं?" माझ्याकडे पाहत राहिली.

तेवढ्यात दूधवाल्याने बेल वाजवली. म्हटलं, थांब, आलोच. पातेलं घेऊन गेलो, दूध घेतलं, झाकलं, परत आलो.

ती तशीच बसली होती. बोटं कडेवरून उचलली नव्हती. मी अजून काठावरच उभा होतो.